चाकोरीबाहेर जाणाऱ्या गाडीचं पोट

साकीनाक्याच्या एका फॅब्रिकेशन शेडमध्ये, पावसाळा संपता संपता, मी एक पत्रा उलटासुलटा करून पाहत होतो. ५ मिलिमीटर जाडीचा पोलादी पत्रा, इंजिनाखाली बसवायचा. सगळे त्याला स्किड प्लेट म्हणतात. मालकाने तो खोलून पुन्हा पावडर कोटिंगला दिला होता. पुढच्या कडेपासून मागेपर्यंत तीन लांब ओरखडे गेलेले, त्यांत रंग उडून पोलाद उघडं पडलेलं आणि मध्याच्या जरा डावीकडे वाटीच्या बुडाएवढा पोचा. पोच्याच्या कडेला दगडाची काळी भुकटी अजून चिकटलेली होती. कारागिराने पान्याच्या टोकाने तिथे टकटक केलं आणि दोन बोटं आडवी धरून दाखवली. पत्रा आणि इंजिनाचा ऑइल चेंबर यांच्यात तेवढंच अंतर होतं. “हा दगड चेंबरला लागला असता तर गाडी टोचन करून आणावी लागली असती,” तो म्हणाला.

शेडबाहेर आणखी एक गाडी उभी होती. पुढे जाडजूड लोखंडी बंपर, टपावर दिव्यांची लांब पट्टी, मागे शिडी, बाजूला जेरीकॅन. मी खाली वाकून पाहिलं. चेंबर उघडा, गिअरबॉक्स उघडा, इंधनाच्या टाकीखाली कंपनीचं पातळ आवरण. ओढून काढायची वेळ आली तर दोर अडकवायला धड जागा नाही. या गाडीवर पहिल्या गाडीपेक्षा कितीतरी जास्त पैसा लागला होता.

हे पुस्तक मी लिहायला घेतलं ते या दोन गाड्या एकाच दुपारी पाहिल्यामुळे. अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर इथल्या सोसायट्यांच्या पार्किंगमध्ये आज थार, जिम्नी, गुरखा, स्कॉर्पिओ आणि जपून ठेवलेली एखादी जुनी जिप्सी सहज दिसते. गाडी आठवडाभर एक्स्प्रेस हायवेवर रांगेत उभी राहते आणि शनिवारी पहाटे माळशेज, जव्हार, भंडारदरा नाहीतर कर्जतकडे निघते. मालकाला तिच्यावर खर्च करायची हौस असते, आणि ती असावी. पण खर्चाचा क्रम चुकतो. पहिल्यांदा पैसा जातो तो दिसणाऱ्या जागी. माझं म्हणणं एवढंच आहे की गाडीला कवच हवं ते पोटाला. तोंडाला कवच घालायची गरज फार थोड्यांना असते, आणि आपल्या रस्त्यांवर त्याने दुसऱ्याचा जीव जाऊ शकतो.

‘ऑफ-रोड’ला मराठीत शब्द शोधायला लांब जावं लागत नाही. बैलगाडीच्या चाकांनी वाटेत पडलेल्या दोन खोल रेघा म्हणजे चाकोरी. मावळात, जव्हार-मोखाड्यात, कोकणातल्या आडवाटांवर ही चाकोरी आजही आहे, फक्त आता ती ट्रॅक्टर आणि पिकअप पाडतात. चाकं जातात त्या दोन पट्ट्या दर पावसाळ्यात खोल होतात. मधला पट्टा मात्र तिथेच राहतो, त्यावर गवत वाढतं आणि गवताखाली दगड लपतात. बैलगाडीला त्याचं काही वाटत नसे, कारण तिचं चाक मोठं आणि आस उंच. मोटारगाडीचं चाक लहान, म्हणून तिचं पोट नेमकं त्या मधल्या पट्ट्यावर घासतं. म्हणजे आपली गाडी चाकोरीबाहेर जाण्याच्या कितीतरी आधी, चाकोरीतच मार खाते.

आणि हा मार साध्या दगडाचा नसतो. सह्याद्री बसाल्टचा, काळ्या कातळाचा. तो फुटला की त्याला धारदार कडा येतात. घाटाखालच्या वाटांवर मुरूम पसरलेला असतो तोवर ठीक, पण पावसाने मुरूम वाहून गेला की खालचे खडकाचे दात वर येतात. कोकणात उतरलं की जांभा लागतो. तो तुलनेने मऊ, पण खरखरीत आणि टायरची बाजू खाणारा. घाट चढून देशावर गेलं की काळी माती. ती ओली झाली की टायरच्या नक्षीत असा लगदा भरते की चाक गुळगुळीत होऊन जागच्या जागी फिरतं. एकाच शनिवार-रविवारी या तिन्हींतून गाडी नेणारे लोक मुंबईत आहेत. परदेशी वाळवंटातल्या गाड्यांचे फोटो पाहून त्यांनी सामान निवडलं तर ते इथे उपयोगी पडेलच असं नाही.

माझ्या स्वतःच्या गाडीचा चेंबर फुटला तो कर्जतजवळ आंबिवलीला, कोथळीगडाच्या पायथ्याशी. वाट माझ्या पाहण्यातली होती. मधल्या गवतात दगड आहे हे माहीत असूनही मी चाकं चाकोरीतच ठेवली. एक चाक मधल्या पट्ट्यावर आणि दुसरं कडेवर चढवून, पोटाखाली खोलगट भाग घेऊन जायला हवं होतं. खालून ठक्क असा एकच आवाज आला. अर्ध्या मिनिटात ऑइलचा लाल दिवा लागला. मी त्याच क्षणी इंजिन बंद केलं म्हणून ते वाचलं. मागे वळून पाहिलं तर गवतावर काळी रेघ उमटत आली होती. गावातल्या ट्रॅक्टरने आम्हाला डांबरी रस्त्यापर्यंत ओढून आणलं. त्या दिवशी गाडीला पुढे जाड बंपर असता तरी काही उपयोग झाला नसता.

मुंबई उपनगरांचा या गाड्यांशी संबंध आजचा नाही. १९४५ साली सुरू झालेल्या महिंद्रा कंपनीने स्वातंत्र्याच्या सुमारास विलीज जीप भारतात आणायला आणि जुळवायला सुरुवात केली, आणि पुढे कांदिवलीचा कारखाना या जीपगाड्यांचं नाव घेतलं की आठवणारा पत्ता झाला. तिकडे पुण्यात बजाज टेम्पोने, म्हणजे २००५ नंतरच्या फोर्स मोटर्सने, ट्रॅक्स काढली. सातारा-सांगलीकडे वडापच्या या गाड्यांनी किती माणसं वाहिली याचा हिशोबच नाही. आपल्याकडचं पहिलं मॉडिफिकेशन मी त्या वडापवाल्यांचं मानतो. मागच्या स्प्रिंगमध्ये एक जादा पाटा घालायचा. त्याने गाडी टणक झाली, हादरे वाढले, पण भरलेली गाडी दगडाला बसेना. त्या माणसाला नेमकं माहीत होतं की आपली अडचण काय आहे आणि त्यासाठी काय बदलायचं. त्याच्या खर्चात दिखाऊ असं काही नव्हतं.

२०१० साली थार आली, २०२० च्या ऑक्टोबरमध्ये तिचं दुसरं रूप आलं, २०२३ मध्ये मारुतीने जिम्नी आणली. जमिनीपासून २२६ मिलिमीटर उंची, ६५० मिलिमीटर पाण्यातून जाण्याची क्षमता, समोरचा चढाचा कोन ४१ अंशांच्या वर, हे सगळं दुसऱ्या थारमध्ये कारखान्यातूनच येतं. जिम्नीला पुढे-मागे अखंड आस आणि हलकं अंग मिळालं आहे. गुरखाला तर दोन्ही आसांवर डिफरन्शियल लॉक आणि बाहेर काढलेला स्नॉर्केल कंपनीच देते. म्हणून माझा पहिला सल्ला असा, की नवी गाडी घेऊन सहा महिने तिला हात लावू नका. तिच्यासोबत आलेल्या पुस्तिकेतलं लो रेंजचं प्रकरण वाचा, इगतपुरीला महिंद्राने उभारलेल्या ऑफ-रोड अकादमीसारख्या ठिकाणी शिकून घ्या, आणि गाडी कुठे घासते ते तिलाच सांगू द्या. पोटाखालचे ओरखडे पाहून जो खर्च ठरतो तो सहसा वाया जात नाही.

उंचीबद्दल फार गैरसमज आहेत. स्प्रिंगखाली स्पेसर टाकून किंवा लांब स्प्रिंग बसवून गाडी २ इंच वर उचलली की मालकाला वाटतं सगळंच वर गेलं. वर जाते ती चॅसी आणि बॉडी. ज्या गाडीची मागची आस अखंड आहे तिचा डिफरन्शियल, ज्याला गॅरेजमध्ये गोळा म्हणतात, तो जिथे होता तिथेच राहतो. त्याला वर न्यायचा एकच मार्ग, मोठं चाक. बैलगाडीवाल्याला हे आपल्या आधी ठाऊक होतं. पण टायर ३१ इंचांवरून ३३ इंचांचा केला तर गोळा फक्त १ इंच वर जातो. गाडीचे गिअर सहा-साडेसहा टक्क्यांनी जड होतात, काटा ७५ दाखवतो तेव्हा गाडी ८० ने धावत असते, आणि वळताना टायर मडगार्डला घासायला लागतो. शिवाय उचललेल्या गाडीत ड्राइव्हशाफ्टचे जॉइंट वाकड्या कोनात फिरतात आणि गुरुत्वमध्य वर गेल्यामुळे कसाऱ्याच्या वळणावर तीच गाडी जास्त झुकते. बहुतेकांसाठी कंपनीच्याच मापाचा चांगला ऑल-टेरेन टायर, एक हवेचा कॉम्प्रेसर आणि हवा मोजायचा गेज एवढं पुरतं. खडीच्या वाटेवर ३२ ची हवा २० वर आणली तर जी पकड मिळते ती हजारो रुपयांच्या लिफ्ट किटने मिळत नाही. डांबरी लागली की हवा पुन्हा भरायची, हे मात्र विसरून चालत नाही.

पोटाच्या पत्र्यांवर पुढे तीन प्रकरणं आहेत, कारण खरा ऐवज तिथे आहे. इथे थोडक्यात सांगतो. ५ मिलिमीटर पोलादाचा १ चौरस मीटर पत्रा ३९ किलो भरतो. ६ मिलिमीटर अॅल्युमिनियमचा तेवढाच पत्रा १६ किलो. मग अॅल्युमिनियमच का घालू नये? कारण बसाल्टवर पोलाद घसरतं आणि अॅल्युमिनियम खरडतं, दगडाची धार त्यात रुतते. जो वर्षातून दोनदा कच्च्या वाटेवर जातो त्याने हलकं घ्यावं. जो दर महिन्याला खडकात जातो त्याने इंजिन आणि ट्रान्सफर केसखाली पोलाद घ्यावं आणि बाकीच्या जागी वजन वाचवावं.

पत्रे एकापेक्षा जास्त असतील तर ते कौलांसारखे एकमेकांवर चढलेले असावेत, आणि पुढच्या पत्र्याची मागची कड नंतरच्या पत्र्याच्या खालून जायला हवी. उलट बसवले तर पुढे जाताना प्रत्येक सांधा दगडाला कड देतो आणि पत्रा सोलून निघतो. बोल्टची डोकी पत्र्यात बुडालेली हवीत. बाहेर राहिली तर पहिल्याच कातळावर घासून गोल होतात आणि पुढच्या ऑइल बदलाच्या वेळी पान्याला पकड मिळत नाही. ऑइल काढायला भोक ठेवलेलं हवं, चिखल-पाणी निघून जायला फटी हव्यात. पत्रा चॅसीला बोल्टने बसवायचा, वेल्डिंग करून कायमचा चिकटवायचा नाही. आणि सायलेन्सरच्या तापणाऱ्या भागाजवळ पत्र्याच्या खोबणीत वाळलं गवत अडकू देऊ नका. दिवाळीनंतर माळावरून फिरून आलात की गाडी थांबताच खाली बॅटरी मारून पाहा. गाडीला आग लागायला एवढं गवत पुरतं.

दाराखालच्या उंबऱ्यासाठी रॉक स्लायडर मिळतात. त्यांची परीक्षा सोपी आहे. स्लायडरखाली जॅक लावून उचला. गाडीची ती पूर्ण बाजू उचलली गेली आणि दार नेहमीसारखं उघडलं-मिटलं तर स्लायडर चॅसीला नीट बसला आहे. तो नुसताच वाकला किंवा दाराची फट बदलली, तर तुमच्या गाडीला पायरी बसवली आहे आणि पैसे स्लायडरचे घेतले आहेत.

आता तोंडावरचा लोखंडी बंपर. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्ये राज्यांना पत्र पाठवून बुलबार आणि क्रॅश गार्डवर कारवाई करायला सांगितलं. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी पुस्तकातले तपशील कंपनीच्या मूळ रचनेशी जुळणार नाहीत असा बदल मालकाला करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने ९ जानेवारी २०१९ च्या निकालात हेच ठामपणे सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर कलम १८२-अ खाली अशा प्रत्येक बदलाला ५,००० रुपये दंड किंवा ६ महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्हीही होऊ शकतं. अंधेरीची एमएच ०२ असो, बोरिवलीची एमएच ४७ असो की मुलुंड-घाटकोपरची एमएच ०३, कायदा सगळीकडे तोच.

पण मला कायद्याच्या आधी माणसं दिसतात. घाटकोपर स्टेशनबाहेर, एलबीएसवर, एसव्ही रोडच्या सिग्नलला लोक गाड्यांच्या नाकासमोरून वाट काढत जातात. कारखान्याचा बंपर धडकेत चुरगळतो, कारण तो चुरगळावा म्हणूनच बनवलेला असतो. तो धक्का खातो म्हणून समोरच्या माणसाला आणि आतल्या माणसाला थोडा कमी बसतो, आणि त्याच्या चुरगळण्याच्या हिशोबाने एअरबॅग उघडायचा क्षण ठरवलेला असतो. तिथे पोलादी नळी लावली की धक्का थेट चॅसीत जातो आणि एअरबॅगचा हिशोब बिघडतो. आणि ती नळी असते शाळेतल्या मुलाच्या डोक्याच्या उंचीवर. एवढं कळल्यावर शहरात चालणाऱ्या गाडीला असं लोखंड लावणं मला मान्य नाही, ते कितीही रुबाबदार दिसो. या पुस्तकात बुलबारचं प्रकरण नाही.

पोटाचे पत्रे बाहेर डोकावत नाहीत आणि गाडीची मापं बदलत नाहीत. तरीही बसवलेल्या प्रत्येक गोष्टीचं बिल ठेवा आणि विमा कंपनीला लेखी कळवा. जे सांगायची लाज किंवा भीती वाटते, ते बसवू नये.

विंचबद्दल मी हात आखडता घेतला आहे. भरलेल्या गाडीच्या वजनाच्या दीडपट ताकदीचा विंच घ्यावा हा हिशोब बरोबर आहे, पण विंच आणि त्याचा बंपर मिळून शंभरेक किलो वजन पुढच्या चाकांच्याही पुढे लटकतं. पुढची स्प्रिंग बसते, ब्रेक लावला की नाक खाली जातं. त्याच्या आधी गाडीला पुढे आणि मागे चॅसीवर घट्ट बसवलेले, वजन लिहिलेले ओढणीचे हूक हवेत, एक ताणला जाणारा दोर आणि दोन शॅकल हवेत. ट्रेलरच्या गोळ्याला दोर लावून रुतलेली गाडी कधीही खेचू नका. तो गोळा तुटला की गोळीसारखा सुटतो आणि काचेतून आत येतो. ताणलेल्या दोरावर जाड चादर किंवा ओलं पोतं टाका आणि माणसांना दोराच्या लांबीपेक्षा जास्त दूर उभं करा.

पाण्याचं प्रकरण लिहिताना माझ्यासमोर २६ जुलै २००५ होती. त्या चोवीस तासांत सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि बंद गाड्यांत अडकून माणसं गेली. त्यानंतरही दर पावसाळ्यात अंधेरी सबवेत पाणी भरतं आणि कुणीतरी उंच गाडी आहे म्हणून त्यात घालतोच. स्नॉर्केल फक्त इंजिनाला हवा वरून घ्यायला देतो. दारांच्या फटी, वायरिंग, अल्टरनेटर, आसांचे ब्रीदर यांना तो वाचवत नाही, आणि वाहतं पाणी २ फुटांवर गेलं की भल्याभल्या गाड्या तरंगायला लागतात. ६५० मिलिमीटरचा आकडा स्थिर पाण्याचा, तळ माहीत असलेल्या जागेचा आहे. सबवेत, नाल्याच्या पुलावर, घाटातल्या ओढ्यावर तो लागू पडत नाही. काच फोडायचा छोटा हातोडा मात्र प्रत्येक गाडीत, हाताला लागेल अशा जागी हवा. स्नॉर्केलच्या मानाने अगदी थोड्या खर्चात तो येतो.

आणखी एक गोष्ट मनापासून सांगायची आहे. बोरिवली आणि मुलुंड यांच्या मधोमध संजय गांधी राष्ट्रीय उद्यान पसरलं आहे. तिथल्या डोंगरात चाक घालायचा हक्क आपल्या कुणालाच नाही. कासचं पठार २०१२ पासून पश्चिम घाटासह जागतिक वारशात आहे, आणि तसेच अनेक निनावी सडे आहेत. सड्यावर मातीचा थर वीतभरही नसतो. गाडीच्या एका फेरीने पडलेली चाकोरी तिथे कित्येक पावसाळे भरत नाही, आणि तिथली फुलं त्या बोटभर मातीतच उगवतात. गड्यांनो, गावकऱ्यांना विचारून, त्यांच्याच वाटेने जा. भाताच्या खाचराचा बांध तुटला तर उतरून स्वतः रचून द्या. चिखलात खेळायचंच असेल तर त्यासाठी आखलेल्या जागा आहेत. २०१४ पासून गोव्यात भर पावसात होणारी रेनफॉरेस्ट चॅलेंजसारखी स्पर्धा आहे. तिथे विंच, लॉकर, मोठे टायर या सगळ्याचं खरं काम दिसतं.

पुढचं प्रकरण उघडण्याआधी एक करा. रविवारी सकाळी गाडी सपाट जागी उभी करा, हँडब्रेक ओढा, चाकांना लाकडी ठोकळे लावा. जॅकने उचललेल्या गाडीखाली कधीही जायचं नाही, तशीच उभी असताना जेवढं दिसेल तेवढं पुरे. सतरंजी अंथरा, बॅटरी घ्या आणि पुढच्या चाकांपासून मागच्या चाकांपर्यंत खालून पाहत जा. चेंबर कुठे आहे, टाकी कुठे आहे, सगळ्यांत खाली काय लोंबतंय आणि ओरखडे कुठे आलेत, ते एका कागदावर काढून ठेवा. तो कागद जवळ घेऊन हे पुस्तक वाचा.